टिकारामचा कूलर

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण टिकारामचा कूलर सुरू झाला की आमच्या हुडको कॉलनीतल्या कुत्र्यांना भर मे महिन्यात हुडहुडी भरायची. रायपूरहून येणारा माझा साडू तर वाटेत कुम्हारीलाच स्वेटर चढवायचा.

टिकाराम स्टील प्लँटात फिटर होता, माझा शेजारी. दुर्गच्या भंगारबाजारातून जाड पत्रा आणून त्यानं तो कूलर स्वतः वेल्डिंग करून उभा केला. तेव्हा गल्लीत कुणाकडं फ्रीज नव्हता. बाया आपापली दुधाची पातेली आणि टरबुजाच्या फोडी त्याच्यासमोर आणून ठेवायच्या. ओल्या वाळ्याचा तो वास! आता अत्तरातसुद्धा मिळत नाही.

टिकाराम गेला. त्याच्या मुलानं, राजदीपनं, नवा कूलर आणला, मोबाइलवरून चालणारा. पहिल्या उन्हाळ्यात गार, दुसऱ्यात ठार. कंपनीचा माणूस म्हणाला, कार्ड उडालं, आणि हे मॉडेल आता येत नाही. मग दुसरा आणला, मग तिसरा. मागच्या अंगणात त्या प्लास्टिकच्या मढ्यांची चळत लागली. शेवटी यंदा राजदीपनं एसी घ्यायचं ठरवलं आणि सगळंच भंगारात काढलं, बापाच्या कूलरसकट.

टिकारामची बायको गिरजाबाई माझ्या फाटकाशी आली. "शामभाऊ, चला ना वो जरा. पोरगा तुमच्या दोस्ताले भंगारात देऊन राहिला."

गेलो. भंगारवाला हिरालाल त्या प्लास्टिकच्या चळतीपुढं तोंड वाकडं करून उभा होता. "इसमें क्या है भैया? ना लोहा, ना ढंग का तांबा. फुकट में भी नहीं ले जाऊंगा." मग आत येऊन त्यानं टिकारामच्या कूलरला बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारली. "माल तो ये है!"

"माय, तू मध्ये बोलू नको," राजदीप म्हणाला.

"मी बोलून काय राहिली? उभी तं हाओ."

दोघांनी कूलर दारापर्यंत ढकलला आणि तिथं तो अडला. उभा लावला, आडवा लावला, तिरपा लावला. मला हसू आवरेना. प्लँटच्या माणसाची खोड! तिथं आधी मशीन बसते, मग तिच्याभोवती शेड उभी राहते. टिकारामनं घरही तसंच बांधलं होतं. आधी कूलर बसवला, मग भिंती घातल्या, आणि दाराची चौकट बाजारातून तयार आणली.

"हसून काय राहिले काका?" राजदीप भडकला. "हिरालाल, गैस कटरवाले को बुला. यहीं काटेंगे."

हिरालालनं फोन लावला. गिरजाबाईचा चेहरा उतरला. पदरानं ती कूलरवरची धूळ पुसत राहिली. मग म्हणाली, "काप बापा. पण त्याच्या आधी एकडाव चालू कर. मले आवाज आयकू दे."

राजदीपनं कुरकुरत पाणी भरलं, बटण दाबलं. कूलर कण्हला, एक कोळी बिऱ्हाडासकट बाहेर फेकला गेला, आणि घरघर सुरू झाली. भिंतीवरचं कॅलेंडर जे उडालं ते पार दुर्गच्या मोहन नगरात सापडलं म्हणतात.

हिरालाल आपल्या वजनकाट्याशेजारी टेकला. "आहा," एवढंच म्हणाला आणि आडवा झाला. राजदीप "पाच मिनिटं" म्हणत भिंतीला टेकला. मी फक्त डोळे मिटले होते, झोपलो नव्हतो.

डोळे उघडले तेव्हा उन्हं कलली होती. राजदीप तोंड उघडं टाकून घोरत होता. दारात कटरवाला आपल्या नळीचं उसं करून पडलेला. तो कधी आला कुणास ठाऊक. गिरजाबाई एकटी जागी, कूलरच्या टाकीत डोकावत.

"उठवू का याले?" मी कटरवाल्याकडं बोट दाखवलं.

"हळू बोला ना वो!" ती दबक्या आवाजात खेकसली आणि रिकामी बादली माझ्या हातात दिली. "पाणी संपून राहिलं. भरून आणा."

आणि मी गेलो. नळाला धार बारीक होती, पण घाई कुणाला होती?