कादंबरीतली आई

ताराबाईने मरळ माशाला राख चोळली, विळीवर त्याचे डोके धरले आणि लेकीला म्हणाली,

"वाच ना. थांबली काऊन?"

दिव्यानी ओसरीच्या भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर वही. सोमवारी अहेरीच्या कॉलेजात, एम.ए.च्या वर्गासमोर, तिला निबंध वाचायचा होता. एका जुन्या अमेरिकन कादंबरीवर तिच्या लेखकाच्या आयुष्याचा आणि त्या काळाचा ठसा कसा उमटला, हा विषय. निबंध इंग्रजीत होता. आईसाठी ती एकेक वाक्य मराठीत सांगत होती.

लेखक गव्हाच्या मुलखातला. तिथे सलग चार वर्षे पाऊस पडला नाही. शेतातली माती वाऱ्याबरोबर उडून गेली आणि माणसे कामाच्या शोधात घरे सोडून निघाली. तो सात वर्षांचा असताना आईने त्याला अनाथालयात ठेवले आणि ती दूरच्या प्रांतात फळे तोडायला गेली. पुढे त्याने कादंबरी लिहिली. तिच्यातही तोच दुष्काळ होता, अनाथालयाचे तेच फाटक आणि मुलाला सोडून जाणारी आई.

"मंग?"

"मंग का, पोरगा फाटकाले धरून पाह्यत राह्यते. माय जाते. एकदाही मागं वळून पाह्यत नाई. मोठमोठ्या लोकायनं लिवलं हाये का बाई निर्दय होती. मी बी तेच लिवलं."

ताराबाईने मरळीचे तुकडे पातेल्यात टाकले.

"पाह्यली असती तं घेऊन गेली असती त्याले," ती म्हणाली.

दिव्यानीने मान वर केली नाही.

ती सहा वर्षांची होती तेव्हा गावचा तलाव लागोपाठ दोन उन्हाळे आटला. मासे गेले, धानही झाले नाही. वडील आदल्याच वर्षी वारले होते. ताराबाईने तिला आश्रमशाळेत घातले आणि गावातल्या बायांबरोबर ती तेलंगणात मिरची तोडायला गेली. शाळेच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंत रस्ता सरळ होता. दिव्यानीला त्या रस्त्यावरची आईची पाठ अजून आठवत होती. सुट्टीत घरी आली की पहिले दोन दिवस ती आईशी धड बोलत नसे. काऊन, ते आईने कधी विचारले नव्हते.

"गाडीले लय वेळ होता तवा," ताराबाई विळीकडे पाहत म्हणाली. "मी थांब्याजवळच्या मोहाच्या झाडामागं जाऊन बसली. तुले दिसू नाई म्हणून. घंटी झाली, पोरं अंदर गेली, मंग उठली."

मग तिने विचारले, "त्या लेखकानं इचारलं नाई का आपल्या मायले?"

"नसंल इचारलं."

"मंग त्याले कसं मालूम होईन."

दिव्यानी उठली. तांब्या घेऊन तिने आईच्या हातांवर पाणी ओतले. राख निघेपर्यंत ओतत राहिली. मग वही उघडून तिने एक ओळ खोडली.

सोमवारी तिने वर्गात वाचले, "या कादंबरीत आईची फक्त पाठ दिसते, कारण लेखकालाही लहानपणी तेवढीच दिसली होती. फाटकाच्या पलीकडे ती काय करत होती, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याच्या काळाने अशा कितीतरी बायांना घराबाहेर काढले. त्यांच्या बाजूने कुणी लिहिले नाही."

प्राध्यापक गुणवंतरावांनी तिचे कागद मागून घेतले आणि शेवटचे पान काढले.

"हे मत कोणाचं? संदर्भांच्या यादीत दिसत नाही."

"राहून गेलं, सर."

तिने टेबलाशी वाकून चार इंग्रजी नावांच्या खाली पाचवे लिहिले: ताराबाई भानारकर, मिरची तोडणी मजूर, तोंडी माहिती.

गुणवंतरावांनी ते वाचले. वर्ग वाट पाहत होता. त्यांनी पान तिच्याकडे परत सरकवले.

"गाव आणि तारीख लिही," ते म्हणाले.