एकवीस गाणी

जगदेव अंगणात शिरलेला दिसताच रंगूबाईनं जात्याचा खुंटा सोडला आणि ओठांवर आलेली ओळ गिळून टाकली. तूर अर्धीच भरडून राहिली. गल्लीच्या तोंडापासून तो तिचा आवाज ऐकत आला होता आणि चपला न वाजवता, भिंतीच्या कडेकडेनं आला होता. तरीही व्हायचं तेच झालं.

"मावशी, थांबली काहून?"

"म्या कुठं काय करून राह्यली?"

"गात होती ना."

"कोण?" रंगूबाईनं मागं वळून पाहिलं. तिथं तुरीची पाटी होती आणि पाटीवर चढू पाहणारी कोंबडी. "आमच्या घरी गाणं नाई बापू. सासू होती तवा होतं एखांदं. ते तिच्यासंगं गेलं."

जगदेवनं वही उघडली, घराचं नाव लिहिलं आणि पुढं 'नाही' असं लिहिलं. या पानावरचं हे नववं 'नाही'.

जगदेव दौलतराव पाटलांचा एकुलता मुलगा. दूरच्या शहरात विद्यापीठात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होता आणि विषय संगीत. बी.ए.ला संगीत घेता येतं ही गोष्ट विद्यापीठालाही नुकतीच कळली होती. वर्गात चौघं जण होते. त्यातल्या दोघांचा विषय बदलायचा राहून गेला होता. तीन वर्षं त्यांनी श्रुती किती, यावर निरनिराळ्या ग्रंथांचे निरनिराळे आकडे पाठ केले. गाण्याची वेळ क्वचित येई, आणि आली की मास्तरांना खोकला असे. यंदा मात्र मास्तरांनी फर्मान काढलं होतं: प्रत्येकानं आपल्या मुलखातली एकवीस गाणी ऐकून, स्वरांसकट लिहून आणायची. वही पुरी नसेल त्याला परीक्षेला बसता येणार नाही.

एकवीस म्हणजे काहीच नव्हे, असं जगदेवला वाटलं होतं. त्याच्या गावात माणूस बैल धुताना गात असे, कापूस वेचताना गात असे, भांडण मिटल्यावर गात असे आणि कधी कधी भांडताना. आता अकरा दिवस झाले होते. वहीत दोन गाणी होती आणि त्यातलं एक त्याचं स्वतःचं, लहानपणीचं. चार दिवसांनी जऊळक्याहून गाडी पकडायची होती.

रंगूबाईकडून निघून तो सैफुद्दीन पिंजाऱ्याकडे गेला. सैफुद्दीन कापूस पिंजत बसला होता आणि त्याच्या धनुकलीची तात इतकी सुरात वाजत होती की जगदेव दारातच थबकला.

"या, भाऊ, या. किती लागते तुमाले?"

"जेवढी येतात तेवढी सांगा, चाचा."

"आमच्या घरी दोनच हायेत." सैफुद्दीननं दाढीतला कापूस झटकला. "एक जुनं होऊन गेलं, त्यात आता काई दम नाई. दुसरं सासरवाडीचं. शेलूबाजारचं. ते तिकडच्या पटवाऱ्यानं लिहावं, तुमी कायले तरास घेता?"

"पटवाऱ्यानं?"

"नाई तं दोनी गावात लिहिल्या जाईल ना जी."

जगदेवला काही कळलं नाही. तीन वर्षं संगीत शिकल्यामुळं न कळण्याची त्याला सवय होती, पण हे न कळणं निराळ्या जातीचं होतं. जानरावाच्या वाड्यावर तर कमालच झाली. पोळ्याला बैलांपुढं गायच्या झडत्या अख्ख्या गावात जानरावासारख्या कोणी म्हणत नसे. त्यानं हात जोडून सांगितलं, की भावाभावांत वाटणी झाली तेव्हा झडत्या धाकट्याकडे गेल्या. धाकटा म्हणाला, थोरल्याकडेच राहिल्या, वाटलं तर पंचाले विचारा.

दुपारी भाकर वाढताना त्याच्या आईनं, तुळसाबाईनं, त्याच्या ताटाकडे बघत हळूच विचारलं,

"किती बसणार हाये रे?"

"काय किती?"

"गाण्यावरची सरकारी पट्टी. आपल्या घरचे किती लिहिले तू?"

जगदेवचा घास हातातच राहिला. मग हळूहळू सगळं निघालं. ते लढाईचं साल होतं. वही घेतलेली सरकारची माणसं गावोगाव फिरून पट्टीसाठी घरातली ज्वारी लिहून नेत होती, आणि वहीवाल्याला असेल त्याच्या चौथाईच सांगायचं, हे गाव शिकून बसलं होतं. ज्वारीनंतर गाणं, एवढंच काय ते नवीन होतं.

"पण हे सरकारी काम आहे असं सांगितलं कोणी?"

तुळसाबाई ओसरीकडे पाहू लागली. ओसरीवर दौलतराव पाटील सुपारी कातरत बसले होते, आणि ती सुपारी एकाएकी फार बारीक कातरली जाऊ लागली होती.

"तुमी सांगतलं, बाबा?"

"मंग काय सांगू?" पाटलांनी वर पाहिलं नाही. "तीन वरसं झाले, लोक इचारते, पोरगं काय शिकून राह्यलं. म्या म्हणतो, मोठं हाये. आता तू वही घेऊन घरोघर हिंडाले लागला. पाटलाचं पोरगं दारोदार गाणे मागून राह्यलं, असं सांगू?"

"ते शास्त्र आहे, बाबा."

"शास्त्र हाये तं रंगूबाईच्या कोंबड्यायत जाऊन कायले बसा लागते?"

मास्तरांनी या अंगानं विषय शिकवला नव्हता.

"वही भरली नाही तर परीक्षा नाही," जगदेव म्हणाला. "तीन वर्षं गेली समजा."

"तीन वरसं," पाटील म्हणाले. त्यांनी अडकित्ता मिटला, परत उघडला आणि पाहिलं तर कातरायला सुपारी उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं पाहिलं ते असं. पाटील विहिरीवर आले आणि मोट हाकणाऱ्या गड्याला म्हणाले, "सरक." गडी सरकला. वीस वर्षांत पाटलांनी मोटेच्या नाड्याला हात लावला नव्हता. पाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी धुणं थांबवलं. गाद्यांचा कापूस घेऊन निघालेला सैफुद्दीन बांधावर उभा राहिला.

"जगदेव, बस इथं. वही काढ."

जगदेव दगडावर बसला.

"आयका," पाटील कोणाकडेही न पाहता मोठ्यानं म्हणाले. "हे पोरगं बी.ए.मंदी गाणं शिकून राह्यलं. सरकारचं काई नाई. म्या खोटं सांगतलं."

पाटावर एक लुगडं आपोआप पुढं वाहत गेलं आणि ते धरायचं कोणाला सुचलं नाही. पाटलांचे कान लाल झाले होते. त्यांनी बैलांच्या पाठीवर थाप दिली, नाड्यावर बसले आणि गायला लागले.

"पाण्याले पुसू, तुहं कोणतं गाव..."

आवाज फाटका होता. ते अपेक्षितच होतं. बैल उताराला लागले, मोट वर येऊ लागली आणि पाटील एकदम गप्प झाले. धावेच्या मध्यावर बैलही थांबले. त्यांना या गाण्यावर मोट ओढायची जन्माची सवय होती. अर्ध्या गाण्यावर किती पाणी काढायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मोट विहिरीत अधांतरी लोंबकळू लागली.

पाटील पुन्हा म्हणाले, "पाण्याले पुसू..." बैलांनी मान वळवून पाहिलं.

"अवो पाटील!" पाटावरून रंगूबाई ओरडली. "बैलाले समजते तेवढं तुमाले नाई समजत? पैले बैलाचं नाव घ्या लागते!"

"हेच तं म्हणून राह्यलो."

"काय डोंबल्याचं म्हणून राह्यले!" ती कमरेवर ओले हात ठेवून उभी राहिली आणि तिनं खणखणीत सुरात गाणं उचललं.

"चाल माह्या पवळ्या, उतर रे धाव,
पाण्याले पुसू, तुहं कोणतं गाव..."

बैल चालू लागले. जगदेवची पेन्सिल चालू लागली.

"हे बी बराबर नाई," बांधावरून सैफुद्दीन म्हणाला. "माहा बाप मोट हाकत होता. त्यात मंदी एक कडवं हाये, तुमी गायबच केलं."

"तुले काय मालूम रे पिंजाऱ्या?"

"आयक तं खरं!"

त्यानं कापूस खाली ठेवला. त्याचं कडवं ऐकून रंगूबाईच्या शेजारणीला तिच्या माहेरचं निराळं आठवलं, आणि ते निराळं नसून चूक आहे असं तिच्या जावेचं मत पडलं. ऊन चढलं तशी भांडणंही चढली. जगदेवनं एक गाणं तीन तऱ्हांनी लिहिलं आणि खरं कोणतं, असं विचारलं. सगळ्यांनी एकाच वेळी आपापलं सांगितलं. त्यानं तिन्हींना वेगवेगळे आकडे दिले. मास्तरांच्या श्रुतींबद्दल ग्रंथकारांचं असंच काहीसं झालं असावं, असा एक विचार त्याच्या मनात आला. पण तेवढ्यात झडत्या कोणाच्या वाटणीत आहेत ते दाखवायला जानराव आणि त्याचा भाऊ दोघंही आले.

जेवणवेळेपर्यंत वहीत एकूण बारा गाणी झाली. मग भांडण जरा सैल पडलं. बायका पिळे खांद्यावर टाकू लागल्या, सैफुद्दीननं कापूस उचलला. दौलतराव नाड्यावरून उतरले, उपरण्यानं तोंड पुसत जगदेवच्या दगडापाशी आले आणि वहीत वाकून बघितलं, जसं काही त्यांना त्यातलं कळत होतं.

"लिहून झालं?" ते ओठ न हलवता म्हणाले.

"हो, बाबा. पण अजून नऊ..."

"मंग लेकरू निजवाचं गाणं घेतो," पाटील म्हणाले. "थांब, बाया जाऊन राह्यल्या. त्यातलं कोणतं कडवं चुकवू?"