अंजलीच्या पत्रावरचा पेपरवेट

मी एक जुना पेपरवेट आहे, मित्रांनो. ज्या पत्राला कितीतरी महिने उत्तर गेले नाही, ते माझ्याच खाली पडून होते.

माझा जन्म बंगळूरच्या एका कारखान्यातला. लेथ यंत्रावर काम शिकणाऱ्या मुलांनी लोखंडाच्या उरलेल्या तुकड्यातून मला घडवले आणि त्यांना शिकवणाऱ्या रत्नाकररावांना त्यांच्या बढतीच्या दिवशी भेट दिले. "याच्याखालचा कागद हलायचा नाही, सर!" या कौतुकाने मी फुलून गेलो.

१९९४ साली सोलापूरहून त्यांच्या बहिणीचे, अंजलीचे पत्र आले. 'दादा, ध्रुवचं जावळ तुझ्याच मांडीवर काढायचं. त्याला मामा तू एकच. कधी येतोस?'

रत्नाकररावांच्या डोळ्यांपुढे भलतेच चित्र उभे राहिले. बाळ हलेल, वस्तरा लागेल, रक्त येईल, सगळे म्हणतील मामानेच घात केला. त्यांनी पत्र माझ्याखाली सरकवले. त्या बोटांचा गारठा मला अजून आठवतो.

भीती तिथे थांबली नाही. त्यांची झोप उडाली. ऑफिसात कोणी हसले, तरी ते आपल्यालाच हसले असे त्यांना वाटे. माझ्यावर गंज चढू लागला. बाळाचे वर्ष उलटले.

"अहो, दोन ओळी तरी खरडा," त्यांच्या पत्नी प्रतिमाताई म्हणाल्या.

"आता कोणत्या तोंडाने? तिनं माझं नाव टाकलं असेल."

"तसं कळवलंय तिनं?"

"कळवायला कशाला हवं? मला माहीत आहे."

अखेर प्रतिमाताईंनी त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर म्हणाले, भीती वाटते हे खरे, पण ती सांगते ते खरे आहे का, हे एकदा बहिणीलाच विचारून बघा. रत्नाकररावांच्याने विचारवेना. म्हणून प्रतिमाताईंनीच अंजलीला फोन लावला आणि तो ठेवताच म्हणाल्या,

"ऐकलंत? जावळ तिसऱ्या वर्षावर ढकललंय. पोराच्या बटांना रबरबँड लावून फिरवते तुमची बहीण! मामा आल्याशिवाय वस्तरा लावू देत नाही म्हणे."

"स्वल्प थांब," रत्नाकररावांच्या तोंडून 'जरा'साठीचा कानडी शब्दच निघाला. "बसू दे मला."

त्यांनी मला उचलले. 'मामा' या शब्दाभोवती माझ्या गंजाचे वर्तुळ उमटले होते. मग त्यांनी लिहिले, 'अंजू, मला फार भीती वाटते. तरी येतो. ध्रुवला धरायला तूही शेजारी बस.'

मित्रांनो, वाऱ्याने उडणारा कागद खुशाल माझ्याखाली ठेवा. भीती मात्र ठेवू नका. माझ्याखाली ती विरली नाही, वाढतच गेली. ती आपल्या माणसाला सांगा.

टपालपेटीपर्यंत रत्नाकररावांनी मला खिशात, घट्ट मुठीत धरले होते. पाकीट धरलेला हात पेटीच्या तोंडापर्यंत जाऊन मागे आला, पुन्हा गेला. मग पेटीच्या तळाशी पाकीट पडल्याचा बारीक आवाज आम्ही दोघांनी ऐकला.