टबातलं तपकिरी पाणी

कारखान्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर शिवण खात्यातली थोरली बाई बसली होती, पाय निळ्या प्लॅस्टिकच्या टबात. मशीनचं बटण दाबलं तसं पाणी पिवळट झालं, मग तपकिरी, मग वर घाणेरडा फेस आला. लोकांनी नाकाला रुमाल लावले.

"हे फ्लूच्या लशीचं विष," अंगातलं विष काढून देतो म्हणणारा तो शुद्धीवाला म्हणाला. "दंडातून आत गेलं, तळव्यातून बाहेर आलं. शरीर खोटं बोलत नाही, ताई."

शरीर बोलतच नव्हतं. बोलत होता हा एकटा : पेशी, कंपनं, ऊर्जा, तोंडाला येईल ते.

बुटांच्या त्या कारखान्यातली नर्स मीच, आणि ती लसही मीच टोचलेली. फ्लूची साथ खात्याखात्यांत पसरत होती. दुसऱ्या दिवशी लस घ्यायला माझ्या यादीतले चौघंच आले. बाकीच्यांनी अदबीनं सांगितलं, की सिस्टर, आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

कटिंग खात्याचे मुकादम त्यांतलेच. दम्याचा माणूस. मी तीनदा समजावलं, की दंड दुखेल, कणकण येईल, पण फ्लू झालाच तर जिवावर बेतायची भीती कमी. त्यांचं मन वळलंही होतं. पण तो टब पाहून आलेल्या मुलीनं अडवलं. ती आमच्याच कारखान्यात वायरमनचं काम करायची.

साथीच्या चौथ्या आठवड्यात मुकादम फ्लूनं ऑक्सिजनवर गेले आणि परत आले नाहीत. लशीनं नक्की वाचले असते असं मी म्हणणार नाही. संधी मात्र मिळाली असती.

शुद्धीवाल्यानं पुढच्या खेपेला भर हॉलमध्ये सांगितलं, की म्हाताऱ्यानं चोरून लस घेतली असणार.

मुकादमांची मुलगी मागे उभी होती. ती पुढे आली.

"बाबांना लस मीच घेऊ दिली नाही," ती म्हणाली. तिनं टब रिकामा केला, नवं पाणी भरलं, त्याच्याच डब्यातलं मीठ टाकलं, मशीनच्या वायरला जोडलेली, पाण्यात बुडवायची डबी आत सोडली. "आता कुणी पाय घालू नका."

शुद्धीवाला म्हणाला, शरीराशिवाय मशीन बिघडेल. तिनं बटण दाबलं. पाणी पिवळट झालं, मग तपकिरी.

तिनं डबी उघडून आतल्या खरबरीत पट्ट्या दाखवल्या. "लोखंड, मीठ आणि वीज. हा गंज आहे. मी रोज असला गंज खरवडते, आणि तरी मला कळलं नाही."

शुद्धीवाला पुटपुटला, की हॉलच्या हवेतच विष आहे. कुणीतरी हसलं. त्यानं मशीन तिथंच टाकून मागचं दार गाठलं.

सकाळी दवाखान्यासमोर रांग होती. मुकादमांची मुलगी सगळ्यांत पुढे, बाही वर करून. माझ्याकडे बघत नव्हती.

किळस मला त्या माणसाची येतेच, पण आमचीही येते. गंज कुणी पाहिला नव्हता? पाणी तपकिरी झालं हे खरंच होतं. का झालं, हे आम्ही त्याच्याकडून ऐकून घेतलं. पाय न घालता काय होतं, एवढं विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. विचारा, आणि माणूस जिवंत असताना विचारा.