बोटातली वाट

"किंचाळी ऐकू आली की किंचाळीकडे धावू नकोस, होसियत. आधी खटक्याकडे धाव. यंत्र थांबलं, की मग माणसाकडे."

मरगिलानच्या रेशीम गिरणीत मी नर्स म्हणून रुजू झाले, त्या पहिल्या दिवशी जैतुना-ओपाने मला हे सांगितलं; आमच्यात थोरल्या बाईला ओपा म्हणतात. तिने तिथे तीस वर्षं काढली होती. जाताना तिने पांढरा डगला आणि हे वाक्य माझ्या हवाली केलं. वाक्य मी पाळलं. तरीही मोहलारच्या बाबतीत माझी चूक झालीच, आणि ती यंत्र सुरू होण्याच्या आधीच झाली होती.

रोज पहाटेची नमाज झाली की मी गिरणीच्या फाटकापाशी जाऊन उभी राहते. सैल बाह्या, लोंबत्या ओढण्या, बांगड्या, सगळं बघते. पोरी कुरकुरतात. "होसियत-ओपा, तुम्हाला सून आली तर बिचारी पहिल्याच दिवशी पळून जाईल!" मी हसते आणि बाही वर दुमडून देते.

त्या बुधवारी मोहलार आली. लग्नाला तीनच आठवडे झालेले. लग्नानंतरचे चाळीस दिवस म्हणजे चिल्ला. त्या दिवसांत नवरीला एकटं सोडत नाहीत, तिच्या अंगावरचं काही उतरवू देत नाहीत. खरं तर ती कामावर यायलाच नको होती. पण ताजे कोश येण्याचे दिवस, माणसं कमी, आणि मोहलारसारखी बोटं सगळ्या गिरणीत कोणाची नाहीत. सासूने, बाशोरत-ओपाने, एका अटीवर पाठवलं होतं: वेणीचे गोंडे सुटता कामा नयेत. गुडघ्यापर्यंत लोंबणारे काळ्या रेशमाचे गोंडे तिने स्वतः घट्ट बांधून दिले होते.

मी ते पाहिले. 'हे सोड' असे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. पण चिल्ल्यातल्या नवरीला 'सोड', 'उतरव' म्हणणं आमच्यात अपशकुनी. मी शब्द गिळला. "वेणी नीट खोच गं," एवढंच म्हणाले. तिने हसून वेणी कमरेच्या पट्ट्यात खोचली.

दहाच्या सुमाराला किंचाळी आली. मी खटक्याकडे धावले, पण माझ्या आधीच रोहत-ओपा तिथे पोचली होती. साठीची, गुडघे धरून चालणारी, दिवसभर कोणावर तरी खेकसणारी बाई. तिने खटका पाडला, आणि चाक थांबता थांबता सूत तोडायच्या कात्रीने मोहलारची वेणी मानेपासून कापली. गोंडा रहाटाखालच्या फिरत्या दांड्यात गुंतला होता. तो सोडवायला मोहलारने उजवा हात घातला होता, आणि यंत्राच्या पट्ट्याने तो चाकाखाली ओढून नेला होता.

"वेणी परत येते गं, डोकं येत नाही," रोहत-ओपा तिला मांडीवर घेऊन सांगत होती. "माझ्याकडे बघ. हाताकडे बघू नकोस, त्या होसियतला बघू दे."

कोणीतरी चाक उलटं फिरवायला धावलं. मी ओरडून थांबवलं. आयुष्यात त्या एकदाच ओरडले असेन. पट्टाच कापायला लावला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळाशी चिरडली होती. तिसऱ्या बोटाला जखम नव्हती, पण ते फुगत चाललं होतं आणि त्यात लग्नाची अंगठी. तेव्हा रोहत-ओपाने रहाटावरचं रेशीम ओढलं, बोटाला नखापासून अंगठीपर्यंत वेढे देत घट्ट गुंडाळलं, टोक अंगठीखालून काढलं आणि हळूहळू उलटं उलगडत गेली. अंगठी वेढ्यांवरून घसरत बाहेर आली. मी स्वच्छ कापडाने हात बांधला, छातीच्या वर उचलून धरला. फर्गान्याच्या इस्पितळापर्यंत तो खाली येऊ दिला नाही.

इकडे गिरणीत बायकांनी नजर उतरवायला हर्मलच्या वाळल्या झुडपाचा धूर फिरवला. नजर लागली म्हणाल्या. आधी मलाही वाटलं, बरं झालं, नजरच लागली असेल. दुपारच्या नमाजेला वाकले तेव्हा ते मनातून गेलं. नजरेला काय बोल लावायचा? माझी नजर तिथेच होती, आणि मी गप्प राहिले होते.

शस्त्रक्रिया पाच तास चालली. डॉक्टर बाहेर आला, म्हणाला, "बोटं राहिली. आतल्या जाणिवेच्या शिरा शिवल्यात. पण बोटांना पुन्हा कळेल की नाही, ते मी सांगू शकत नाही."

मोहलार शुद्धीवर आली. दुखतंय का, व्रण राहील का, काही विचारलं नाही. "ओपा," म्हणाली, "मला टोक सापडेल ना?"

कोशाचं टोक डोळ्यांना दिसत नाही. गरम पाण्यात बोटं फिरवावी लागतात, आणि बोटाच्या पेराला ते कळावं लागतं. ज्या बाईला ते कळत नाही, ती गिरणीत झाडू मारते. मोहलारच्या आईने हेच काम केलं, आजीनेही. मी तिला फाटकावरची गोष्ट सांगितली, गिळलेल्या शब्दासकट. तिने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, "मलाही ठाऊक होतं, ओपा. मीही गप्पच बसले."

बाहेर बाशोरत-ओपा भिंतीला टेकून बसली होती. "पोरीच्या बोटांना कळू लागलं तर मी मेंढा कापीन," ती म्हणाली. "दोन कापीन!"

मी तिच्याशेजारी बसले. "मेंढा सोपा आहे, बाशोरत-ओपा."

"मग काय कापू, माझी मान?"

"गिरणीतल्या ज्या ज्या पोरीचं लग्न होईल, तिच्या घरी जा. तिच्या सासूला सांगा, गोंडे मी बांधले होते. एवढंच."

ती ताडकन उठली. "माझ्याच तोंडाने माझी बदनामी? अख्ख्या मोहल्ल्यात? तू फाटकावर उभी असतेस ना, तूच सांग की!"

"मी सांगणारच आहे. पण फाटकावर नर्सचं ऐकतात. घरात सासूचं."

ती बोळाच्या टोकापर्यंत गेली, परत आली. मग खाली बसली, दोन्ही तळवे उघडून काहीतरी पुटपुटली आणि ते चेहऱ्यावरून फिरवले. नवस बोलून झाला होता.

गिरणीतल्या त्या फिरत्या दांड्यावर लोखंडी जाळी बसेपर्यंत मी साहेबाच्या दाराशी रोज उभी राहिले, बाराव्या दिवशी ती बसली. आणि मोहलारच्या घरी मी दर पहाटे, फाटकावर जाण्याआधी, जाऊ लागले.

डॉक्टरने मला एक युक्ती शिकवली होती. बोटाच्या मुळापासून नखाकडे टिचकीने हळूच ठोकत जायचं. जिथे मुंग्या येतील, तिथपर्यंत जाणिवेची शीर वाढली. दिवसाला खसखशीच्या दाण्याएवढी वाढते, तो म्हणाला. मला खरं वाटलं नाही.

पहिला महिना काहीच नाही. एकदा मोहलारने चहाचा पियाला उजव्या हातात धरला आणि गप्पा मारत बसली. ठेवला तेव्हा बोटांना दोन फोड आले होते, आणि तिला पत्ताच नव्हता. ती फोडांकडे बघून रडली. "ही माझी बोटंच नाहीत, ओपा, कोणाची तरी आणून लावलीत." त्या दिवसापासून गरम-गार आधी डाव्या हाताने बघायचं, हा नेम तिने धरला.

पाचव्या आठवड्यात मी टिचकी मारली आणि ती दचकली. "मुंग्या!" मी तिथे शाईचा ठिपका दिला. पुढच्या आठवड्यात ठिपक्यापाशी काही झालं नाही, मुंग्या पुढे सरकल्या होत्या. मी माप घेतलं. सात खसखशी.

काय सांगू? मी सजद्यात डोकं टेकवलं की पूर्वी शब्द असत. त्या दिवसांत शब्दच उरले नाहीत. कोणीतरी त्या बोटाच्या आत, अंधारात, दिव्याशिवाय, रोज दाण्याएवढी वाट चालत होतं. वाट चुकत नव्हतं. कुठे जायचं हे त्याला कोणी सांगितलं होतं? मी पंचवीस वर्षं जखमा धुतल्या, बांधल्या, आणि प्रत्येक वेळी वाटलं, मी बरं केलं. मी फक्त ठिपके देत होते.

रोहत-ओपाही येऊ लागली. मोहलारचे डोळे बांधून तिच्या बोटावर कधी कापूस फिरवायची, कधी लोकर, कधी रेशीम. "सांग काय ते!"

"लोकर."

"लोकर तुझ्या नवऱ्याच्या डोक्यात! रेशीम आहे, गाढवे. पुन्हा."

चौथा महिना उलटला. सुट्टीच्या एका सकाळी रोहत-ओपाने परात मागवली, कोमट पाणी ओतलं, एक शिजवलेला कोश सोडला. मोहलारने डाव्या हाताने पाणी पाहिलं, मग डोळे मिटले आणि उजवी दोन बोटं बुडवली. बाशोरत-ओपा दारात पिठाच्या हातांनी उभी होती.

बोटं फिरत राहिली. थांबली. परत फिरली. मग मोहलारने हात वर उचलला, आणि मला त्याच्या खाली काहीच दिसेना. हवा तेवढी. तिने हात खिडकीकडे नेला. उन्हात एक रेघ चमकली, परातीपासून तिच्या बोटापर्यंत, आणि खाली कोश पाण्यात गरगरू लागला.

"आहे," ती म्हणाली. "ओपा, ते आहे."

रोहत-ओपाने तोंड फिरवून नाक पुसलं. "एक टोक सापडलं म्हणून एवढं रडायला काय झालं? दिवसाला हजार शोधायचीत अजून!" मधलं बोट अजून पुरतं वाकत नाही, पेरापाशी बधिरही आहे. डॉक्टर म्हणतो, तेवढं राहील कदाचित. पण त्या क्षणी मला ती रेघच दिसत होती.

बाशोरत-ओपा आत गेली. तंदूरमधून दोन नान काढले, जेवणाच्या स्वच्छ कापडात, दस्तरखानात, बांधले. हात धुतले, चांगला रुमाल डोक्याला बांधला.

"ओयीजान, कुठे निघालात?" मोहलारने सासूला विचारलं.

"कालव्यापलीकडे. सैदाखोनच्या घरी परवा सून आलीये, तुमच्याच गिरणीतली. सोमवारी कामावर जाणार म्हणतात."

"मी येऊ बरोबर?"

"नको. तू बस." ती उंबऱ्यावर जरा थांबली, माझ्याकडे पाहिलं. मग जोडे घातले, नानांचं गाठोडं छातीशी धरलं आणि दार हलकेच ओढून घेऊन कालव्याच्या वाटेला लागली.