ऊटा आणि उठा

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर पोतेरं समजाल. एक बंद तुटलेला, तळाला ठिगळ. पण मी गंगव्वा नर्सची जुनी खाकी पिशवी आहे. एके काळी के. आर. पुरमच्या गल्ल्यांत माझी वाट पाहिली जायची.

मला शिवलं संताजी शिंप्यांनी. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, पण मशीनवर बसले की गुणगुणायचे मराठीतच. मी मराठी तिथे शिकले आणि कन्नड गंगव्वाच्या खांद्यावर. माझ्या पोटात बाळांचा टांगता वजनकाटा, जंतांचं औषध आणि लोहाच्या लाल गोळ्या असत. सगळं सरकारी दवाखान्यातलं, फुकट.

१९९६ साली अजित नावाच्या तरुणाला इथे कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली आणि त्याची बायको वासंती पुण्याहून आली. तिला पाचवा महिना होता. अंगात रक्त फार कमी. डॉक्टरांनी बजावलं होतं, रक्त वाढलं नाही तर बाळंतपण जिवावर बेतेल. गंगव्वाने गोळ्यांची पुडी दिली आणि म्हणाली, “ऊटा आद मेले, अम्मा.” म्हणजे, जेवण झाल्यावर.

वासंतीला ऐकू आलं ‘उठा’! ती पहाटे उठल्या उठल्या, उपाशीपोटी गोळी घेऊ लागली. मळमळ काय, उलट्या काय! आठवड्याभरात तिने गोळ्या बंदच केल्या.

पुढच्या फेरीला गंगव्वाने, इथे सगळेच विचारतात तसं, दारातून विचारलं, “ऊटा आयता?” म्हणजे, जेवण झालं का?

“केव्हाच उठले!” वासंती फणकारली. “दुपारचा एक वाजलाय!” आणि तिने पुडी माझ्यात परत कोंबली.

“याके अम्मा?” म्हणजे, का गं बाई? गंगव्वा गडबडली. “ऊटा आद मेले...”

“बघा, पुन्हा मेले!” वासंतीचे डोळे भरून आले. “पोटुशी बाईला कुणी असं बोलतं का हो?”

मला दोघींचंही कळत होतं. पण पिशवीचं तोंड काय कामाचं? नुसती लोंबत राहिले.

गलका ऐकून शेजारची रंजिता आली. ती निपाणीची, दोन्ही भाषा घरच्याच. सगळं ऐकलं आणि पदर तोंडाला लावून हसतच सुटली. “अगं, ऊटा म्हंजे जेवण! मेले म्हंजे नंतर! अक्का बिचारी जेवून गोळी घे म्हणायलीय आन् तू भांडायलीस व्हय?”

मग तिने गंगव्वालाही कन्नडमध्ये सांगितलं. गंगव्वा हसली नाही. पायरीवर मटकन बसली आणि हळूच काहीतरी पुटपुटली.

“काय म्हणतात?” वासंतीने विचारलं.

“म्हणत्यात, चूक माझीच. मी सांगितलं, पण तुला काय कळलं ते विचारलंच न्हाई.”

गंगव्वाने पेन काढलं आणि पुडीवर एक ताट काढलं. ताटात भाताची मूद. वासंती ओशाळून हसली आणि त्या दिवसापासून जेवून गोळी घेऊ लागली. मळमळ ओसरली. महिन्यामागून महिना रक्त वाढत गेलं. मुलगी झाली तेव्हा माझ्याच काट्यावर लटकून रडली, पावणेतीन किलो! मायलेकी सुखरूप. माझा तर बंद ताठ झाला अभिमानाने.

आता नव्या नर्सकडे नवी पिशवी आहे. तसंच असायचं. मित्रांनो, माझी उसवलेली शिवण घातलीत तर बरं वाटेल, पण त्याआधी एवढं करा. औषध हातात आलं की विचारा, कधी घ्यायचं, कसं घ्यायचं. नाही कळलं तर पुन्हा विचारा, लाजू नका. दारापर्यंत औषध पोचवणं माझं काम होतं. दारापासून पोटापर्यंतची वाट मात्र बोलूनच सापडते.