शेवटच्या खाटेपर्यंत

मूल चौऱ्याण्णव मार्क घेऊन आलं, की "बाकीचे सहा कुठे सांडलेस?" असं विचारणारी घरं आपल्या ओळखीची असतात. मास्तर अशाच घरातले. श्वासाच्या आजाराची साथ आली आणि त्यांच्या आईला इस्पितळात ठेवावं लागलं. मदतीला हात कमी, म्हणून वॉर्डात प्रत्येकाजवळ एका नातेवाइकाला बसू देत.

आईच्या बोटावरच्या चिमट्यात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसे, शंभरपैकी चौऱ्याण्णव. मास्तरांना तो बघवेना. सिस्टरची पाठ वळली, की ते भिंतीवरची ऑक्सिजनची कळ पुरती फिरवत. नव्याण्णव दिसले, की त्यांचा जीव भांड्यात पडे.

त्या दुपारी दाराजवळच्या शेवटच्या खाटेवरचा टॅक्सीवाला अचानक धापा टाकू लागला. मोठ्या सिस्टर धावल्या. त्याची कळ पूर्ण उघडी होती, पण ऑक्सिजन जेमतेम येत होता. एकेक खाट तपासत त्या मास्तरांपाशी आल्या.

"ही कोणी वाढवली?"

"मी. आई आहे माझी."

"तोही कोणाचा तरी बाप आहे. टाकी एक, नळी एक. तुम्ही इथे सोडून ठेवलंत, तर तिकडे काय पोचणार? आईंना चौऱ्याण्णव पुष्कळ झाले."

सिस्टरनी कळ कमी केली. मास्तरांचा हात पुन्हा तिकडे गेला, तोच आईने मनगट धरलं.

"बाळ्या," ती थांबत थांबत म्हणाली, "चाळीत खालच्या मजल्यावरचे लोक नळ सोडून ठेवायचे नि वर आपल्याकडे थेंब यायचा नाही. तेव्हा बादली घेऊन भांडायला कोण जायचं?"

"मीच."

"मग आज खालच्या मजल्यावर आपण आहोत. आणि तुला रे कधी पडले होते चौऱ्याण्णव?"

शेजारच्या बाई मास्कमध्ये खुदकन हसल्या. मास्तरांनी हात मागे घेतला. मग उठून ते खाटांच्या रांगेतून निघाले आणि प्रत्येक नातेवाइकाला सिस्टरना कळ कमी करू द्या म्हणून सांगू लागले. कळ वाढवणारे ते एकटे नव्हते!

"आमच्या बाबांना कमी पडलं तर?" एकाने तावातावाने विचारलं.

"सिस्टर बघतील. त्यांना श्वास कळतो, आपल्याला नुसते मार्क कळतात."

सिस्टरनी एकेक कळ गरजेपुरती आणली. हळूहळू टॅक्सीवाल्याची छाती शांत झाली. त्याच्या बायकोने उशी सारखी केली आणि मास्तरांकडे पाहून मान हलवली.

गरजेपुरतं घेतल्याने आपल्या माणसावरची माया कमी होत नाही. गरजेहून जास्त ओढलेला श्वास मात्र कोणाच्या तरी तोंडचा काढलेला असतो, एवढं आपण सगळ्यांनी ध्यानात ठेवलं, तर कितीही मोठी साथ आली तरी आपण तिला पुरून उरू.